कितव्या भागापासून सुरुवात करावी?

पॅरानॉर्मल रहस्यकथा आणि शिफ्टर प्रेमकथा, म्हणजे माणसाचा लांडगा, बिबट्या किंवा कोयोटी होणाऱ्या पात्रांच्या इंग्रजी मालिका. त्यांच्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या महिन्यात उत्तरं देत आहोत. शेवट फोडायचा नाही हे पथ्य पाळलं आहे. जिथे थोडं मोडावं लागलं, तिथे आधी बजावलं आहे.

प्रश्न : मैत्रिणीने एका शिफ्टर मालिकेचा सातवा भाग दिला. प्रेमकथा कळली, पण कोण कुणाचा भाऊ आणि कोण कुठल्या कळपातला, हे लावण्यातच अर्धं पुस्तक गेलं. या मालिका पहिल्या भागापासूनच वाचाव्या लागतात का? (कोल्हापूर)

उत्तर : मालिकेवर अवलंबून आहे. पुस्तक मिटताना काय पुरं होतं, ते आधी बघायचं. प्रेम जमून जातं आणि राजकारण उरतं, की गुन्ह्याचा छडा लागतो आणि प्रेम अर्ध्यावर राहतं? या एका प्रश्नाने निम्मा गोंधळ मिटतो.

पहिल्या जातीत दर भागाला नवी जोडी असते. नलिनी सिंग यांची साय-चेंजलिंग मालिका घ्या. २००६ च्या 'स्लेव्ह टू सेन्सेशन'पासून ती सुरू होते. कॅलिफोर्नियातले डार्करिव्हर बिबटे, स्नोडान्सर लांडगे आणि मनःशक्ती असलेले पण भावना मारून जगणारे साय यांच्यातला ताण भागागणिक चढत जातो, जोडी मात्र दर वेळी वेगळी. अशा मालिकेचा सातवा भाग सुटा वाचला तर प्रेम समजतं, गोतावळा समजत नाही. तुमचं बहुधा तेच झालं. पहिले तीन भाग क्रमाने वाचा. तेवढ्यात बिबटे, लांडगे आणि साय या तिन्ही बाजूंची घरं ओळखीची होतात. पुढे एखादा भाग मागेपुढे झाला तरी बिघडत नाही. दोन ठिकाणी मात्र उडी मारू नका. दहावा भाग 'किस ऑफ स्नो' (२०११) ज्या जोडीचा आहे, ती आधीच्या भागांत कडेकडेने वाढत आलेली असते. तो ताण पाहिलाच नसेल तर त्या पुस्तकात उरतं काय? आणि बाराव्या 'हार्ट ऑफ ऑब्सिडियन'मध्ये (२०१३) कित्येक भाग झाकून ठेवलेली एक ओळख उघडी पडते. पंधराव्या 'अलीजन्स ऑफ ऑनर'ने (२०१६) पहिलं पर्व संपतं, २०१७ च्या 'सिल्व्हर सायलेन्स'पासून दुसरं. दुसऱ्या पर्वापासून सुरुवात केली तरी गोष्ट कळते, पण पहिल्या पर्वातले मोठमोठे निकाल तिथे बोलता बोलता सांगून टाकलेले असतात.

दुसऱ्या जातीत नायिका एकच, दर भागात नवं प्रकरण, आणि प्रेम मुंगीच्या पावलाने. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची मर्सी थॉम्पसन वॉशिंग्टन राज्यातल्या ट्राय-सिटीजमध्ये गाड्या दुरुस्त करते आणि कोयोटी होते. इलोना अँड्र्यूज (हे नवरा-बायकोचं मिळून एक टोपणनाव) यांची केट डॅनियल्स अटलांटात भाडोत्री तलवारबाज आहे. इथे क्रम मोडू नये. आणखी एक : 'मॅजिक बाइट्स' (२००७) हा केटचा पहिला भाग कच्चा आहे. माहितीचा मारा फार, माणसं कमी. तो वाचून मालिका टाकणारे पुष्कळ. तिसऱ्या 'मॅजिक स्ट्राइक्स'पर्यंत (२००९) धीर धरा, तिथे मालिकेला आपला सूर सापडतो. प्रेमाचा काय तो निकाल चौथ्यात लागतो.

प्रश्न : 'क्राय वुल्फ' हा पहिला भाग म्हणून विकत घेतला. पहिल्या पानापासून नायक-नायिका एकमेकांना ओळखतात. पुस्तकातली पानं गहाळ आहेत का? (संगमनेर)

उत्तर : पानं शाबूत आहेत, पण गोष्टीची सुरुवात दुसऱ्या पुस्तकात आहे. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या या मालिकेतले नायक-नायिका चार्ल्स आणि अ‍ॅना यांची पहिली भेट 'अल्फा अँड ओमेगा' या लघुकादंबरीत होते. ती २००७ मध्ये 'ऑन द प्राउल' या चार लेखिकांच्या संग्रहात आली, आणि 'क्राय वुल्फ' हे २००८ चं पुस्तक तिच्या शेवटाला लागूनच सुरू होतं. ही लघुकादंबरी पुढे ई-पुस्तक म्हणून सुटीही निघाली. आधी ती वाचा.

ही मालिका आणि मर्सीची मालिका एकाच जगातल्या. दोन्ही मालिका एकमेकींपासून वेगळ्या वाचल्या तरी बहुतेक ठिकाणी चालतं. एक सांधा सांभाळा : 'फेअर गेम' (२०१२) आधी, मर्सीचा 'फ्रॉस्ट बर्न्ड' (२०१३) नंतर. 'फेअर गेम'च्या शेवटी फे (परीकथांतले जादुई) लोक आणि माणसं यांच्यातले संबंध एका झटक्यात पालटतात आणि 'फ्रॉस्ट बर्न्ड' ते गृहीत धरून चालतो. उलट वाचलंत तर एका पुस्तकाचा शेवट दुसऱ्याच्या पहिल्या प्रकरणात कळेल.

प्रश्न : सूकी स्टॅकहाउसच्या सहाव्या भागात तिची आतेबहीण हॅडली वारलेली आहे आणि सूकी तिचं घर आवरायला निघते. ती मेली कधी? पाचवा भाग पुन्हा चाळला, सापडलं नाही. (पुणे)

उत्तर : पाचव्यात शोधून सापडणार नाही, कारण ती बातमी एका कथेत आहे. शार्लेन हॅरिस यांच्या या मालिकेत १३ कादंबऱ्या आहेत, 'डेड अन्टिल डार्क' (२००१) ते 'डेड एव्हर आफ्टर' (२०१३). त्यांच्या अधूनमधून कथाही निघाल्या. 'वन वर्ड आन्सर' ही कथा पाचव्या आणि सहाव्या भागांच्या मध्ये बसते आणि सूकीला हॅडलीचं कळतं ते तिच्यात. ती 'अ टच ऑफ डेड' (२००९) या संग्रहात मिळेल. या जागी आपल्याकडून एक भाग सुटला अशी समजूत जगभरच्या वाचकांची झाली होती, तेव्हा दोष तुमच्या वाचनाचा नाही.

यावरून मधल्या आकड्यांबद्दल. पुस्तकांच्या याद्यांमध्ये ०.५ किंवा ३.५ असे भाग दिसतात. ते सगळे वाचायची गरज नसते. मुख्य जोडीची पहिली भेट, एखादा मृत्यू, एखादं लग्न असेल तर वाचा. दुय्यम पात्राचा नाताळ असेल तर सोडा, खुशाल. आकड्यावरून लांबी मात्र ठरवू नका : केटच्या मालिकेतली 'गनमेटल मॅजिक' (२०१२) यादीत ५.५ म्हणून असते, पण ती केटच्या मैत्रिणीची पूर्ण लांबीची कादंबरी आहे आणि सोबत केटची एक लघुकादंबरीही जोडलेली आहे. क्रम बघायचा तो लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. दुकानांच्या याद्यांत एकत्रित संचालाही भागाचा क्रमांक मिळतो आणि तेच पुस्तक दोनदा गळ्यात पडतं.

प्रश्न : मी जुना रहस्यकथांचा वाचक. या पुस्तकांत शेवटी जादूने खुनी सापडतो. ही फसवणूक नाही का? (सातारा)

उत्तर : वाईट पुस्तकांत आहे. चांगल्या पुस्तकांत जादू कुठे चालत नाही हे आधी सांगितलेलं असतं आणि खून नेमका त्याच जागी होतो.

सूकी मनातलं ऐकू शकते. मग 'डेड अन्टिल डार्क'मध्ये खुनी पहिल्याच आठवड्यात का सापडत नाही? कारण तिला व्हॅम्पायरांची मनं मुळीच ऐकू येत नाहीत, रूप पालटणाऱ्यांची तुटक येतात, आणि माणसांच्या बाबतीत ती स्वतःच कान मिटून घेते, कारण दिवसभर दुसऱ्यांचे विचार ऐकत बारमध्ये काम होत नाही. ही छिद्रं खुनी सापडण्याच्या आधीच वाचकाला दाखवलेली आहेत. या पुस्तकाला रहस्यकथांसाठीचा अँथनी पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

मर्सीचं हत्यार नाक. जागेवर कोण येऊन गेलं हे तिला वासावरून कळतं. का आलं, हे कळत नाही. केटच्या जगात एम-स्कॅनर नावाचं यंत्र गुन्ह्याच्या जागी उरलेली जादू रंगांत छापून देतं : माणसाच्या जादूचा निळा, शिफ्टरचा हिरवा, व्हॅम्पायरचा जांभळा, दैवी शक्तीचा चंदेरी. म्हणजे जात कळते, नाव कळत नाही. शिवाय त्या अटलांटात जादू लाटांसारखी येते-जाते. लाट असताना गाड्या आणि दिवे बंद पडतात, ओसरली की मंत्र. तेव्हा घटनेच्या वेळी लाट होती की नव्हती, हा प्रश्न तिथे साध्या रहस्यकथेतल्या घड्याळाइतका महत्त्वाचा ठरतो.

तुमच्यासारख्या वाचकाने करायचं ते इतकंच : पहिल्या ५० पानांत नायिकेला काय येत नाही, ते एका कागदावर लिहून ठेवा. शेवटी तिला अचानक नवी शक्ती आली आणि तिनेच खुनी पकडला, तर त्या लेखकाचं दुसरं पुस्तक घेऊ नका. जुनी शक्ती नव्या तऱ्हेने वापरली गेली, तर डाव खरा.

प्रश्न : अल्फा, बीटा, ओमेगा ही उतरंड खऱ्या लांडग्यांत असते का? (नागपूर)

उत्तर : जंगलात तशी नसते. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निबंधातून पसरली. त्यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास केला होता. कोंडलेल्या लांडग्यांत वर्चस्वासाठी मारामाऱ्या झाल्या आणि त्यावरून सगळ्या लांडग्यांचा नियम काढला गेला. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या गाजलेल्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. पुढे कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांना वर्षानुवर्षं पाहून याच मेक यांनी १९९९ च्या निबंधात तो खोडला. जंगलातला कळप बहुधा आई-बाप आणि त्यांची एक-दोन विणींची पोरं इतकाच असतो. 'अल्फा' म्हणजे बाप आणि आई. पोरं मोठी झाली की भांडून गादी मिळवत नाहीत, घर सोडून स्वतःचा संसार थाटतात.

कादंबऱ्यांनी मात्र कोंडलेला लांडगा धरून ठेवला, कारण त्यात भांडण आहे, आणि भांडणाशिवाय २० भाग चालवायचे कसे? ते ठीकच. फक्त तिन्ही शब्दांचे अर्थ मालिकेगणिक बदलतात हे ध्यानात ठेवा. ब्रिग्ज यांच्याकडे ओमेगा म्हणजे सगळ्यांत खालचा नव्हे. ती उतरंडीच्या बाहेर असते, तिला हुकूम लागू होत नाहीत आणि तिच्या सहवासात बाकीचे शांत होतात. याउलट 'ओमेगाव्हर्स' असं लिहिलेलं पुस्तक घेतलंत, तर ती वेगळीच शाखा. २०१० च्या सुमाराला चाहत्यांनी लिहिलेल्या कथांतून ती निघाली. माजाचे हंगाम, गंध, बांधून टाकणारी शरीरं अशी तिची स्वतःची कल्पित जीवशास्त्रीय मांडणी आहे आणि शृंगार उघडावाघडा असतो. मुखपृष्ठावरचा लांडगा सारखाच दिसतो, म्हणून पाठमजकूर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : पौर्णिमा आणि चांदीची गोळी लागतेच का? (बेळगाव)

उत्तर : नाही. पौर्णिमा आणि चांदी यांची आजची जोडी बरीचशी १९४० च्या दशकातल्या हॉलिवुडच्या भयपटांनी घट्ट केली. ब्रिग्ज यांच्या लांडग्यांना पौर्णिमेला बदलावंच लागतं, तो बदल वेदनेचा आणि मिनिटं खाणारा असतो, चांदी त्यांना मारते. मर्सी मात्र क्षणात बदलते, तिला चंद्राशी देणंघेणं नाही. केली आर्मस्ट्राँग यांच्या 'बिटन'मधल्या (२००१) लांडग्यांना चंद्राविना, ठरावीक दिवसांनी बदलावं लागतं. केटच्या जगात ती विषाणूची बाधा आहे आणि चांदी विषासारखी भिनते. सिंग यांचे चेंजलिंग, म्हणजे शिफ्टर, जन्मतःच तसे. नवी मालिका हाती घेताना हे चार नियम पहिल्या काही प्रकरणांत सापडायला हवेत : जन्मतः की चाव्याने, केव्हा, किती वेळ, आणि कशाने मरतात.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे, तिला ही पुस्तकं वाचायची आहेत. मुखपृष्ठावरून काहीच कळत नाही. (ठाणे)

उत्तर : मुखपृष्ठावर भरवसा ठेवू नका. आम्ही सुरुवातीला जे बजावलं ते इथे लागू : पुढची दोन-तीन वाक्यं मर्सीच्या तिसऱ्या भागातली एक घटना सांगतात. 'आयर्न किस्ड'च्या (२००८) शेवटाकडे नायिकेवर बलात्कार होतो आणि त्याचे परिणाम पुढच्या भागांत चालू राहतात. लेखिकेने तो हलकेपणाने हाताळलेला नाही, पण पहिले दोन भाग सौम्य वाटल्यामुळे बेसावध वाचक तिथे कोसळतात. मोठ्यांनीही हे ठाऊक ठेवून वाचावं.

साय-चेंजलिंग आणि सूकी प्रौढांसाठी आहेत, प्रणयप्रसंग सविस्तर. केटच्या पुस्तकांत प्रणय थोडा, रक्तपात भरपूर. पंधराव्या वर्षासाठी आर्मस्ट्राँग यांची 'डार्केस्ट पॉवर्स' ही त्रयी द्या. पहिला भाग 'द समनिंग' (२००८). नायिकेला मेलेली माणसं दिसतात, सोबत एक तरुण लांडगा आहे, रहस्य आहे, आणि ती किशोरांसाठीच लिहिलेली आहे. इतर पुस्तकांबाबत स्टोरीग्राफ या वाचकांच्या संकेतस्थळावर वाचकांनी नोंदवलेल्या इशाऱ्यांची यादी बघता येते.

याहून महत्त्वाचा मुद्दा 'नियतीने ठरवलेला जोडीदार' या कल्पनेचा. वासावरून ओळखलं, आता ती माझी, ही या प्रकारातली हुकमी चाल. मुलीशी बोलायचं असेल तर तिला एकच विचारा : या पुस्तकात नायिकेला नाही म्हणता येतं का, आणि ती नाही म्हणाली तर कळप काय करतो? चांगले लेखक याचं उत्तर कथेतच देतात. वाईट लेखक नायकाची दांडगाई प्रेम म्हणून खपवतात, आणि अशी पुस्तकं कमी नाहीत.

प्रश्न : अनिता ब्लेकची पहिली सहा पुस्तकं आवडली. पुढे तपास कमी होतो असं ऐकलं. कुठे थांबू? (पणजी)

उत्तर : नवव्या भागावर. लॉरेल हॅमिल्टन यांची ही मालिका १९९३ च्या 'गिल्टी प्लेझर्स'ने सुरू झाली. सेंट लुइसमध्ये मुडदे उठवण्याची नोकरी करणारी आणि पोलिसांना मदत करणारी नायिका. नववा भाग 'ऑब्सिडियन बटरफ्लाय' (२०००) न्यू मेक्सिकोत घडतो आणि जवळजवळ निव्वळ तपास आहे. आमच्या मते मालिकेतला सर्वांत कसदार. दहाव्या 'नार्सिसस इन चेन्स'मध्ये (२००१) नायिकेला एक नवी भूक जडते आणि तिथून शृंगार मध्यभागी येतो. तो वाचायचा असेल तर पुढे जा, पण मग तक्रार करू नका.

प्रश्न : भारतीय मातीतलं असं काही आहे का? (डोंबिवली)

उत्तर : आहे, पण गोड प्रेमकथेची अपेक्षा ठेवू नका. इंद्र दास यांची 'द डिव्हावरर्स' (२०१५) कोलकात्यात सुरू होते आणि मुघल काळातल्या रूप पालटणाऱ्यांकडे जाते. भाषा देखणी, हिंसा जबरदस्त. ईस्टरीन किरे यांची 'व्हेन द रिव्हर स्लीप्स' नागालँडच्या जंगलात घडते, तिच्यात व्याघ्र-माणसं येतात. नागा समजुतीतला फरक लक्षात घेऊन ती वाचावी : तिथे शरीर वाघ होत नाही. माणूस घरी निजलेला असतो, त्याचा जीव रानातल्या वाघात वावरतो, आणि वाघाला झालेली जखम माणसाच्या अंगावर उमटते. जे. एच. हटन यांनी १९२० मध्ये यावर लिहून ठेवलं आहे.

प्रश्न : किंडल अनलिमिटेडची (अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तक योजनेची) वर्गणी या मालिकांसाठी परवडते का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : कुणाची पुस्तकं वाचायची आहेत त्यावर आहे. वर जी नावं आली, ती बहुतेक मोठ्या प्रकाशकांची आहेत आणि ती वर्गणीत सहसा मिळत नाहीत. ती विकत, ग्रंथालयातून किंवा जुन्या बाजारातून घ्यावी लागतात. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर सुटे भाग हाती लागतात, पण ते घेताना आतल्या पहिल्या पानांवर भागाचा क्रम आणि वर्ष बघा, नाहीतर पुन्हा सातव्यापासून सुरुवात.

वर्गणीत मिळतात त्या स्वतः प्रकाशित केलेल्या शिफ्टर मालिका, अस्वलांपासून ड्रॅगनपर्यंत. लेखकाला किती पानं वाचली गेली त्यावर पैसे मिळतात, म्हणून भाग पुष्कळ आणि शेवट लटकते. लेखक ९० दिवसांच्या करारावर ई-पुस्तक तिथे ठेवतो आणि मुदत संपली की काढूही शकतो. म्हणून पहिला भाग उघडण्याआधी तीन गोष्टी तपासा : मालिका पुरी झाली आहे का, सगळे भाग वर्गणीत आहेत का, आणि पहिल्या भागाच्या परीक्षणांत 'शेवट अर्धवट' अशी तक्रार आहे का. एका वेळी २० पुस्तकं घेता येतात; त्यामुळे आठ-दहा भागांची मालिका एकदम उतरवून घ्या, वाचून संपवा आणि मग वर्गणी बंद करा. वर्गणी बंद केल्यावर उतरवलेली पुस्तकंही जातात, तेव्हा शेवटचा भाग राहिलेला असताना बंद करू नका.